जोडीदाराच्या वाढदिवसाचं घरचं जेवण: खानदेशी स्वयंपाकघरातले नेहमीचे प्रश्न

घरातल्याच माणसाचा वाढदिवस असला की आपल्याकडे दोन टोकं गाठली जातात. एक तर हायवेवरचा ढाबा, नाही तर घरी सात पदार्थ. सात पदार्थ करणारा माणूस ताटावर बसतो तेव्हा त्याची भूक मेलेली असते, आणि ज्याचा वाढदिवस आहे तो एकटा जेवून उठलेला असतो. खालच्या सगळ्या उत्तरांमागे कसोटी एकच आहे: ताटं वाढली की दोघांनी एकदम बसायचं आणि मध्ये कुणी तव्यापाशी उठून जायचं नाही. या कसोटीत आपले काही फार लाडके पदार्थ नापास होतात. त्याला इलाज नाही.

दोघांसाठीच करायचं आहे. बेत केवढा असावा?

एक मुख्य पदार्थ, त्याच्याबरोबर जे चालतं ते, आणि एक गोड. बस. शेवभाजी असेल तर पोळी किंवा भाकरी, कांदा, लिंबू. भरीत असेल तर भाकरी, तळलेली मिरची, वाटीभर दही. वरण-बट्टी असेल तर घोटलेली वांग्याची भाजी आणि तूप. शेवभाजी आणि भरीत एकाच ताटात वाढू नका. दोन्ही तिखट, दोन्ही लसणाचे, आणि दोन्हींना ताटाच्या मधोमध बसायचं असतं.

शेवभाजी, भरीत की वरण-बट्टी? निवडायचं कसं?

आधी अर्थात समोरच्याची आवड. आवड तिन्हींची असेल तर मग काम कधी संपतं ते बघा.

शेवभाजीचा रस्सा दुपारी करून ठेवला तरी संध्याकाळी जास्तच मुरलेला लागतो. शेव वाढताना घालायची. म्हणजे शेवटच्या क्षणाचं काम फक्त रस्सा उकळायचं. भरीत तासभर आधी तयार असलं तर उत्तम, कोमट भरीत गरम भरतापेक्षा चांगलं लागतं असं माझं ठाम मत आहे. वरण-बट्टीत बट्ट्या आदल्या रात्री वाफवून ठेवता येतात, दुसऱ्या दिवशी फक्त कापून तळायच्या.

उलट कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, फुलके, डुबुकवडे, गरम भजी ही सगळी करणाऱ्याला ओट्यापाशी बांधून ठेवणारी मंडळी. पाहुण्यांच्या पंगतीत दोघी-तिघी स्वयंपाकघरात असतात तेव्हा ती शोभतात. दोघांच्या जेवणात नाही.

वाढदिवस ज्याचा, त्याला विचारावं की सरप्राइज द्यावं?

बायकोच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने सरप्राइज द्यायचं म्हणजे अवघडच. मिसळणाचा डबा दोन इंच सरकला तरी तिला कळतं. म्हणून लपवण्याचा खटाटोप करू नका. पदार्थ विचारू नका, पण आडून एवढं विचारा: पोळी की भाकरी, झणझणीत की बेताचं. उरलेलं तुम्ही ठरवा. खरं सरप्राइज पदार्थाचं नसतंच. त्या संध्याकाळी तिला ओट्याजवळ फिरकावं लागलं नाही, हे असतं.

मी नवरा. मला चहा आणि मॅगीपलीकडे काही येत नाही. बायकोच्या वाढदिवसाला काय करू?

शेवभाजी करा. ही उगाच दिलेली सूट नाही. शेवभाजीत काही शिजवायचं नसतं, भाजी कच्ची राहील अशी भीती नसते, पीठ मळायचं नसतं. काम आहे ते वाटण भाजण्याचं आणि वाट बघण्याचं. पोळ्या किंवा भाकऱ्या करून देणाऱ्या ताई जवळपास असतील तर त्या विकत आणा, त्यात कमीपणा नाही. पहिल्याच दिवशी भाकरी थापायला बसलात तर जेवण रात्री अकराला होईल.

दोघांसाठी माप असं. दोन मध्यम कांदे सालासकट गॅसवर ठेवून बाहेरून काळे आणि आतून मऊ होईपर्यंत भाजा. वरची जळकी साल काढून टाका, पण पार पांढरे करू नका. थोडा काळेपणा राहू द्या, रश्शाला रंग तिथूनच येतो. सुकं खोबरं पाव वाटी, काप करून तव्यावर तांबूस भाजा. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर. हे सगळं थोडं पाणी घालून अगदी गंधासारखं बारीक वाटा. वाटण भरड राहिलं तर रस्सा आणि चोथा वेगळा होतो आणि कितीही उकळलं तरी जमत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल तापवा. मोहरी-जिऱ्याची गरज नाही. वाटण घाला आणि मध्यम आचेवर परता. किती वेळ? घड्याळ बघू नका, पातेल्याची कड बघा. वाटण गोळा होऊन कडेने तेल सुटलं की झालं. मग आच मंद करून हळद, दोन चहाचे चमचे काळा मसाला, एक चमचा लाल तिखट, मीठ. मीठ हात राखून, कारण शेवेत मीठ असतं. अर्धा मिनिट हलवून तीन कप कढत पाणी ओता आणि दहा-बारा मिनिटं उकळू द्या. रस्सा पातळ वाटला तरी घाबरू नका, शेव तो पिऊन घट्ट करते.

माझ्या शेवभाजीवर तर्री येत नाही. काय चुकतं?

तीन जागा तपासा. तेल कमी पडलं असेल. दोन चमचे तेलात तर्री येत नाही, आणि वाढदिवसाला तेलाची काटकसर कशाला? वाटण पुरतं परतलं नसेल, म्हणजे तेल सुटण्याआधीच पाणी ओतलं. किंवा गार पाणी ओतलं. उकळतं पाणी घातलं आणि नंतर झाकण न ठेवता मंद आचेवर ठेवलं तर तेल वर येतं. तिखट नेहमी तेलात पडलं पाहिजे, पाण्यात नाही. पाण्यात पडलेलं तिखट फक्त तिखट करतं, रंग देत नाही.

हॉटेलासारखी लालभडक बोटभर तर्री घरी आणायच्या नादाला लागू नका. तिथे ती वेगळी करून वरून ओततात.

शेव कोणती आणायची?

जळगाव-भुसावळकडे किराणा दुकानात किंवा फरसाणवाल्याकडे “भाजीची शेव” म्हणून मागा. जाड, तिखट, बऱ्यापैकी कडक. बारीक नायलॉन शेव रश्शात पडताच लगदा होते. रतलामी चालते, पण तिच्यातली लवंग काळ्या मसाल्याशी भांडते. दोघांसाठी शंभर ग्रॅम पुरे, थोडी वेगळ्या वाटीत ताटाजवळ ठेवा. कुणाला कुरकुरीत आवडते, कुणाला भिजलेली. लग्नाला कितीही वर्षं झाली तरी याबाबतीत एकमत होत नाही.

काळा मसाला घरचाच हवा का?

असेल तर उत्तम. आईकडून, सासूबाईंकडून, आत्याकडून वाटीभर मागून आणा. उन्हाळ्यात केलेला वर्षभराचा मसाला बहुतेक घरांत असतो, आणि वाढदिवसाचं कारण सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. बाजारचा वापरणार असाल तर पुडी आजची फोडलेली असावी. वर्षभर उघडी पडलेली पुडी आणि भुसा यांत फरक उरत नाही. गोडा मसाला मात्र घालू नका. तो चांगला आहे, पण घाटावरच्या आमटीत.

वाढदिवस हिवाळ्यात आहे, भरीत करायचं आहे. वांगी कशी बघून घ्यायची?

हिवाळ्यात वाढदिवस येणारी माणसं नशीबवान. भरताची वांगी म्हणजे जळगावकडची ती मोठी, फिकट हिरवी, पांढरट रेघांची. जांभळ्या वांग्याचं भरीतही होतं, पण ते दुसऱ्या गावचं. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव तर या वांग्यांमुळेच लांबवर पोचलं, आणि जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

बघून घ्यायचं ते वजन. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागणारं वांगं घ्या, जड वांग्यात बिया भरलेल्या असतात. साल तुकतुकीत हवी, देठ हिरवा हवा. बारीकसं भोकही दिसलं तर बाजूला ठेवा, कारण अळी आत गेलेली असते आणि भाजल्यावर ती शोधणं हे वाढदिवसाचं काम नव्हे. दोघांना पाऊण किलो पुरतात, थोडं उरतंही.

एक लक्षात ठेवा. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं आपल्याकडे बरीच आहेत. ती चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच वांगं सुरू करतात. वाढदिवस त्याच्या आधी येत असेल तर घरात एकदा विचारा.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला शेतातल्या भरताची चव येईल का?

तशीच्या तशी नाही. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी टाकतात, आणि त्या धुराला गॅसकडे उत्तर नाही. पण गॅसवरही भरीत चांगलं होतं, घाई केली नाही तर. वांग्याला चार-पाच ठिकाणी सुरीने टोचा, तेलाचा हात फिरवा आणि मध्यम आचेवर थेट जाळावर ठेवा. दर दोन-तीन मिनिटांनी फिरवत राहा. मोठ्या वांग्याला पंधरा मिनिटं तरी लागतातच. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो, म्हणून देठ धरून वांगं उभं करून तोही भाग जाळावर धरा. सुरी देठापाशी लोण्यात जावी तशी गेली की उतरवा.

गच्ची असेल आणि शेजाऱ्यांची हरकत नसेल तर एक जुनी लोखंडी पाटी आणि काड्यांचा भारा पुरतो. वाढदिवसाची संध्याकाळ गच्चीवर जाळाजवळ घालवणं हाही बेत वाईट नाही, जानेवारीत तर नाहीच.

भाजलेली वांगी दहा मिनिटं झाकून ठेवा, मग पाण्याचा हात घेऊन साल सोला. नळाखाली धरू नका, सगळा धूर वाहून जातो. वांग्यांबरोबरच आठ-दहा हिरव्या मिरच्या भाजून घ्या आणि त्या लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्यांबरोबर मीठ घालून ठेचा. मग वांगी त्यात घालून ठेचा. घरात लाकडी बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं भांडं, असेल तर तीच काढा. नसेल तर जाड पातेलं आणि लाकडी रवी किंवा वरवंटा. मिक्सर नको. मिक्सरमधलं भरीत चिकट होतं, आणि भरतात दाताखाली काहीतरी आलं पाहिजे.

चार मोठे चमचे तेल तापवून त्यात मूठभर शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तळा. चिरलेली कांद्याची पात निम्मी घाला, एक मिनिट परता, मग ठेचलेलं वांगं. मीठ, पाच मिनिटं मंद आच. उरलेली कच्ची पात आणि कोथिंबीर वरून. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच नाही.

भरताबरोबर कळण्याच्या पुऱ्या केल्या नाहीत तर ते भरीत कसलं?

भावना समजते. भरीत पार्टीत पुऱ्या हव्यातच. पण पुरी तळणारा माणूस पार्टी बघतो, खात नाही. दोघांच्या जेवणात कळण्याची भाकरी करा. ज्वारी आणि अख्खे काळे उडीद, साधारण चारास एक, मीठ घालून दळलेलं पीठ घरात असेलच, नसेल तर गिरणीवर किलोभर दळून मिळतं. ही भाकरी साध्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा जास्त वेळ मऊ राहते, म्हणून बसण्याआधी चार भाकऱ्या करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवता येतात. उडदामुळे पीठ चिकट असतं, पाण्याचा हात जरा जास्त लागतो. ज्यांना भाकरी थापता येत नाही त्यांनी प्लास्टिकच्या कागदावर थापून तव्यावर उलटी टाकावी. आजी बघत नसेल तर.

पुऱ्यांचाच हट्ट असेल तर एक मार्ग आहे: दोघांनी मिळून तळा. एकाने थापायच्या, एकाने तळायच्या, आणि कढईजवळ उभं राहूनच खायच्या. ताटं नाहीत, वाढणं नाही. हे माझ्या कसोटीत बसतं.

वाढदिवस मे महिन्यात आहे. पंचेचाळीस अंशांत गॅसपाशी कोण उभं राहणार?

कुणीच राहू नये. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात संध्याकाळी सातलाही ओटा तापलेला असतो. तेव्हा स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरका आणि रात्री फक्त वाढा. आमरस हे या महिन्याचं उत्तर आहे. सकाळी रस काढून फ्रीजमध्ये, त्यात कणभर सुंठ आणि तुपाचा थेंब. त्याच्याबरोबर कुरडया, बिबडे, पापड. नुकतेच वाळवणाचे दिवस झालेले असतात, डबे भरलेले असतात. तळणं पाच मिनिटांचं काम. पोळ्या बाहेरून आणा किंवा सकाळीच करा, रसाबरोबर गार पोळी कुणाला खटकत नाही. तिखट म्हणून कैरी-कांद्याची चटणी किंवा शेंगदाण्याचा ठेचा.

मांडे? रस आणि खापरावरचे मांडे यापुढे दुसरं काही नको हे खरंच. पण मांडे घरी करणं म्हणजे पुरण शिजवणं, वाटणं, सैल कणीक तिंबणं आणि मग हातावर फिरवत मांडा वाढवून तापल्या खापरावर टाकणं. ते हातात मुरलेलं कसब आहे, वाढदिवसाच्या दिवशी शिकायची गोष्ट नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मांडे ऑर्डरप्रमाणे करून देणाऱ्या बायका बहुतेक गावांत असतात. आदल्या आठवड्यात सांगून ठेवा, ऐन आखाजीला त्यांच्याकडे नंबर लागत नाही.

वरण-बट्टी गोवऱ्यांवर भाजलेलीच खरी ना? घरी कशी करणार?

गोवऱ्यांवरची बट्टी वेगळी आणि लग्नाच्या पंगतीतली तळलेली बट्टी वेगळी. आपण दुसरी करू. दोन वाट्या गव्हाचं जाडसर पीठ, पाव वाटी मक्याचं जाड पीठ, नसेल तर रवा. अर्धा चमचा ओवा, थोडं जिरं, हळद, मीठ, चिमूटभर सोडा, तीन मोठे चमचे तेलाचं मोहन. घट्ट मळा, पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट. अर्ध्या तासाने लांबट वळकट्या करून चाळणीवर वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. सुरी कोरडी निघाली की झालं.

आता महत्त्वाचं: पूर्ण गार होऊ द्या. गरम वळकटी कापली की तिचा चुरा होतो. म्हणूनच हे काम आदल्या रात्री करावं. दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीच्या चकत्या कापून मध्यम आचेवर तांबूस तळा. तळणं नको असेल तर आप्पेपात्रात थोडं तूप सोडून मंद आचेवर उलटसुलट भाजा. वेळ लागतो, पण गॅसजवळ उभं राहावं लागत नाही आणि कड छान कुरकुरीत होते.

वरण तुरीचं, साधं. पाऊण वाटी डाळ, हळद, हिंग, कुकरला चार शिट्ट्या, चांगलं घोटा, पातळ ठेवा. बट्टी कुस्करून त्यावर वरण ओतलं की ते शोषून घेते, म्हणून वरण नेहमीपेक्षा दुप्पट लागतं. जिरं, लसूण आणि हिरवी मिरचीची फोडणी. बरोबर घोटलेली वांग्याची भाजी: हिरवी वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे एकत्र शिजवून रवीने घोटायचे आणि वरून जिऱ्याची फोडणी. आणि तूप. तूप चमच्याने मोजू नका.

मी सहाला ऑफिसमधून सुटते. एवढं सगळं कधी करू?

आदल्या रात्री वाटण भाजून, वाटून फ्रीजमध्ये ठेवा, किंवा बट्ट्या वाफवून ठेवा. गोडही आदल्या रात्रीच. मग घरी आल्यावर आधी हातपाय धुऊन, चहा घेऊन दहा मिनिटं बसा. साडेसहाला सुरुवात केली तरी शेवभाजी साडेसातला तयार असते. रस्सा मंद आचेवर उकळत असताना कांदा चिरा, पाणी भरा, ताटं मांडा. ओटा पुसून टाका, मगच बसा. पसारा डोळ्यासमोर असला की घास गोड लागत नाही.

आणि हो, सुट्टी नसलेल्या दिवशी वाढदिवस आला तर रविवारी साजरा करायला काय हरकत आहे? त्या दिवशी औक्षण करा, गोडाचा घास भरवा. जेवण रविवारी.

गोड काय करावं? केक हवाच का?

मुलं असतील तर केक आणावाच लागतो, तो विषय तिथेच संपतो. घरी करायचं म्हणाल तर केळं घातलेला शिरा करा. रावेर-यावलची केळी बारा महिने मिळतात, आणि पिकून डाग पडलेली, कुणी न खाल्लेली दोन केळी शिऱ्यात सोनं होतात. वाटीभर रवा, पाऊण वाटी तूप, दोन पिकलेली केळी कुस्करून, वाटीभर साखर, दोन वाट्या गरम दूध आणि थोडं पाणी. रवा तुपावर वास सुटेपर्यंत भाजा, केळं त्याच तुपात परता, दूध घाला, वाफ काढा, साखर शेवटी. शिरा गरम करून पुन्हा चांगला लागतो, म्हणून कसोटीत पास. शेवयांची खीर, शिकरण, आणलेलं श्रीखंड, काहीही चालेल. पुरणपोळी नको, कारणं वर आलीच आहेत.

सासू-सासरे घरात आहेत. दोघांचं वेगळं जेवण म्हणजे त्यांना वाईट वाटेल ना?

वाईट वेगळ्या जेवणाचं वाटतं, वेगळ्या वेळेचं नाही. जे करायचं ते सगळ्यांसाठी करा. बाबांना साडेसातला जेवायची सवय असते, त्यांना आणि आईंना आधी वाढा, तिखट कमी असलेला रस्सा वेगळा काढून. औक्षण त्यांच्या हातून होऊ द्या. मग नऊला तुम्ही दोघं बसा. बहुतेक सासवांना हे समजतं, आणि पुष्कळदा त्याच म्हणतात, “तुम्ही बसा आता, मी बघते पोराकडे.” बायकोचा वाढदिवस असेल तर आईला हे आधी मुलानेच सांगावं. सुनेने सांगितलं तर तो अर्ज होतो, मुलाने सांगितलं तर बेत होतो.

यांना तिखट सोसत नाही. मग खानदेशी बेत सोडूनच द्यावा का?

अजिबात नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या प्रांतात राहूनही तिखट न सोसणारी माणसं घरोघर आहेत. लाल तिखट निम्मं करा, काळा मसाला तेवढाच ठेवा. चव मसाल्याची असते, जाळ तिखटाचा. खोबरं थोडं वाढवा. भरतात मिरच्या भाजून बिया काढून टाका. वरण-बट्टीत तर तिखट मुळातच बेताचं असतं. पथ्य डॉक्टरांनी दिलेलं असेल तर मात्र वाढदिवस म्हणून ते मोडायला लावू नका, तेलातुपाचा आग्रह तर नकोच.

वाढदिवस एकादशीला किंवा चतुर्थीला आला तर?

भगर आणि शेंगदाण्याची आमटी, तळलेले बटाटे, केळीचे वेफर्स, दही. संकष्टी चतुर्थीचा उपवास सोडायचा असेल तर चंद्रोदयानंतर सावकाश. एकादशीला वांगं-लसूण मनातही आणू नका, जेवण दुसऱ्या दिवशी.

मटण करायचं म्हटलं तर?

करा की. वर शेवभाजीचं जे वाटण दिलंय तेच दीडपट करा आणि तीळ-खसखस वाढवा. अर्धा किलो मटण हळद-मीठ-आलं-लसूण लावून आधी कुकरला शिजवा, त्याच पाण्यात रस्सा करा. बाजरीची भाकरी. फक्त वार बघा, घरातल्या मोठ्यांचा आणि तुमचाही.

नवरा सुरतेला असतो, वाढदिवसाला घरी येणार नाही. काय पाठवता येईल?

रश्शाचं काही पाठवू नका. ताप्ती लाइनच्या, म्हणजे जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने कुणी ओळखीचं जात असेल तर त्याच्याकडे द्यायला भाजीची शेव, कोरडं वाटण, काळा मसाला आणि कळण्याचं पीठ द्या. कोरडं वाटण म्हणजे कांदा उभा चिरून तेलात अगदी काळसर तांबूस तळलेला, खोबरं, लसूण हे सगळं पाणी न घालता भरड कुटलेलं. हिवाळ्यात चार दिवस सहज टिकतं. तिथे त्याने तेलात परतून गरम पाणी ओतायचं. मग व्हिडिओ कॉल लावून दोघांनी एकाच वेळी तीच भाजी खायची. त्याला करायला सांगा, तुम्ही फोनवरून सूचना देऊ नका. विचारलं तरच सांगा.

भांडी कोण घासणार?

ज्याचा वाढदिवस नाही तो.

उरलेल्याचं काय करू?

शेव घातलेला रस्सा उरत नाही, उरला तर फेकावा लागतो. म्हणून शेव लागेल तेवढीच घाला. नुसता रस्सा फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो, दुसऱ्या दिवशी त्यात बटाटा किंवा उकडलेली अंडी सोडा. भरीत सकाळी शिळ्या भाकरीबरोबर खा, वर थोडं कच्चं तेल घालून, पण दुपारच्या पुढे ठेवू नका. बट्ट्या उरल्या असतील तर मिक्सरला भरड फिरवा, गूळ किसून घाला, तूप कोमट करून ओता आणि लाडू वळा. डब्यात न्यायला बरे पडतात.